वीस अंश

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही: त्या गुरुवारी जनरेटर मी वेळेवर लावलाच नव्हता.

चिंचवडच्या एमआयडीसीत एका छोट्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. आम्ही मिलिमीटरभर लांबीचे किडे वाढवतो. दोन-तीन आठवड्यांत ते म्हातारे होतात आणि त्यांच्या अंगात प्रथिनांच्या गुठळ्या साचतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या चमकतात, त्या मोजायच्या. किडे वीस अंशांवर ठेवावे लागतात. ऊब वाढली की गुठळ्याही वाढतात.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, बाकी सगळ्यांना सुट्टी असते. जनरेटर हाताने लावावा लागतो, ते काम माझं. त्या दिवशी मेव्हण्याच्या चाकणच्या कंपनीला सुट्टी होती, म्हणून आकुर्डीला त्याच्याकडे जेवायला गेलो. लाइट जायच्या आत निघायला उठलो, तर म्हणतो, "बसा हो दाजी! किड्यांना काय तुम्ही घास भरवणार हाय?" सगळे हसले. मी बसलो.

परतलो तेव्हा लाइट जाऊन तीन तास झाले होते. किड्यांच्या कपाटात तीस अंश. जनरेटर लावला, आकडा उतरेपर्यंत उभा राहिलो आणि वहीत वीस लिहिलं. तेव्हा काही वाटलं नाही.

त्या कपाटात लातूरहून आलेल्या एका मुलीचा प्रयोग होता. एका मुळीच्या अर्काने गुठळ्या कमी होतात, असं तिला दोनदा दिसलं होतं. ही शेवटची खातरजमा. या वेळी अर्क दिलेले आणि न दिलेले किडे सारखेच निघाले, गुठळ्यांनी भरलेले.

"काका, गुरुवारी जनरेटर लावलता ना?"

"लावलेला की."

"मग माझंच चुकलं काय की."

प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आधीच्या दोन वेळी मनाला येईल ते आकडे टाकलेस का?" तिने मान खाली घातली. मी काचेच्या ताटल्या धूत होतो. धूत राहिलो.

तिच्या नेमणुकीची मुदत वाढली नाही. हल्ली ती लातुरात शिकवणी घेते म्हणे. जाताना माझ्या पाया पडली होती. मी "सुखी राहा" म्हणालो.

तिची मोजणी खोटी नव्हती, असं सरांच्या नावे माझ्या सहीचं पत्र मी तिला देणं लागतो. अजून लिहिलेलं नाही.