पुलावरची आग आईला सांगताना

अप्पांना जाऊन सतरा दिवस झाले होते. आमच्यात चौदाव्या दिवशी आईच्या माहेरचं माणूस येऊन तिचं तोंड गोड करतं. याला दुखवटा काढणं म्हणतात. ते होईपर्यंत घरात तळणाची कढई चढत नाही. चौदाव्या दिवशी मामा अळणावरहून पेढे घेऊन आला, आई "आज नको" म्हणाली, तो परत गेला. सतराव्या दिवशी पुन्हा आला. चार वाजता नको, पाच वाजता नको. त्याची गाडी सव्वाआठची.

"मग बाहेर तरी पड, अक्का," मामा म्हणाला. "उणकलच्या तळ्यावर दिव्यांचा खेळ आहे, पुलावरून आग सोडतायत म्हणे."

"मला काय दिसणार त्यातलं?"

"आम्ही सांगतो की."

काचबिंदूने आईची नजर जाऊन सहा वर्षं झाली. उजेड तेवढा कळतो. समोरचं सांगायचं काम अप्पांचं होतं. लग्नातल्या साड्या, बाजारातली भांडणं, टीव्हीवरचं सगळं. मी शेजारी असायचो, पण ते कसं सांगतात याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

सात वाजता आम्ही पुलाच्या टोकाशी कठड्याला टेकून उभे राहिलो, आई मधे. दिवे लागले.

"पाच कमानी आहेत," मी म्हणालो. "निळ्या होत्या, आता हिरव्या. दहा सेकंदांनी रंग बदलतो."

"बरं."

"दोन्ही टोकांना तीन-तीन नळ्या. आता डावीकडच्या तिन्हीतून आग आली. दहा फूट असेल."

"बरं."

तारिहाळच्या कारखान्यात मी तपासणीला आहे, दिवसभर मापं लिहितो. अप्पा गेले त्या दिवशीही मी ॲम्ब्युलन्सच्या येण्याची वेळ लिहून ठेवली होती. रडू आलं नव्हतं, अजूनही येत नव्हतं. समोर आग होती आणि मी तिची उंची अंदाजत होतो.

"अक्का, हा मीटर बघायला आलाय," मामा म्हणाला. "जाताना बिल देऊन जाईल."

आई हसली नाही. मला म्हणाली, "ते काय म्हणाले असते रे?"

मी आठवून बघितलं. "माहीत नाही."

"मग जरा गप्प राहा."

आग यायच्या आधी नळीत फुस्स आवाज व्हायचा. इतका वेळ तो मी ऐकलाच नव्हता. आई त्या बाजूला तोंड वळवायची, मग धग यायची.

"आता डावीकडं," ती म्हणाली. डावीकडेच आली.

"आता दोन्हीकडं."

दोन्हीकडे आली. आईचा चेहरा तांबडा झाला, मग परत काळोखात गेला.

"दहा फुटांपेक्षा जास्त आहे," ती म्हणाली.

दिवे साधे झाले, माणसं पांगायला लागली. सात चाळीस. मामा घड्याळाकडे बघत होता. आईने हात पुढे केला.

"दे तो."

मामाने पिशवीतला पेढा काढून तिच्या तोंडाशी धरला. तिने अर्धा खाल्ला आणि उरलेला अंदाजाने माझ्याकडे पुढे केला. हात माझ्या खांद्याला लागला. मी वाकून खाल्ला.

"कसा आहे?"

मला चव लागत नव्हती. "मऊ आहे," मी म्हणालो. "बाहेरून साखर कचकचतेय."

"बरं," ती म्हणाली. "घरी फोन कर. कढई चढव म्हणावं."

मी केला. काय तळू, बायकोने विचारलं. फोन मी आईच्या कानाला लावला.