सारसासाठी सायकलचा हब

उडत्या सारसाचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा लेन्समुळे नाही, तर लेन्स आणि तिपाई यांच्यामध्ये बसणाऱ्या डोक्यामुळे. आज हे मी ठामपणे सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मात्र हे कळायला माझे दोन रोल वाया गेले.

तेव्हा मी लाखांदूरजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथे टिकलो तो प्राणिशास्त्राच्या सरांमुळे. सर निवृत्तीनंतर तलावांवरच्या पक्ष्यांची पाहणी करत. त्या हिवाळ्यात त्यांनी आपली चारशे एमएमची लांबलचक लेन्स माझ्या हाती दिली.

"होळीपर्यंत उडत्या सारसाचा एक फोटो आण. डोळा स्पष्ट दिसला पाहिजे. जमलं तर उन्हाळ्याच्या पाहणीला माझ्यासोबत चल. नाही जमलं तर लेन्स दुसऱ्याला देईन."

त्या पाहणीला जायचे माझे किती दिवसांचे स्वप्न होते! पण माझ्या तिपाईचे डोके दांड्याने फिरवायचे होते. उभ्या सारसाचे फोटो छान यायचे. तो पळत सुटून पंख उघडायचा, तेव्हा मला एक स्क्रू डावीकडे-उजवीकडे वळण्यासाठी सैल करावा लागायचा आणि दुसरा वर-खाली होण्यासाठी. तोवर चौकटीत नुसते आभाळ उरायचे.

एका रविवारी एसटीने नागपूरला गेलो. दुकानदाराने गोळ्यावर सगळीकडे वळणारे डोके दाखवले. मी तिथेच लेन्स लावून स्क्रू सैल केला, तर लेन्स धाडकन तोंडावर झुकली. दुकानदाराने ती झेलली म्हणून वाचली.

"हे लहान लेन्ससाठी चांगलं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "तुम्हाला झुलतं डोकं पाहिजे. बाजूला उभा हात आणि त्याला लटकलेली लेन्स. बाहेरच्या एका मासिकात पाहिलं होतं. इकडे मिळत नाही."

त्याने पाकिटावर आकृती काढून दिली. ती घेऊन मी गावातल्या सायकल मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाकीट उलटसुलट करून पाहिले.

"गुरुजी, हे कायले पाह्यजे? पक्षी मारून राह्यले काय?"

"मारत नाही. फोटो काढतो."

"मंग त अजूनच कठीण काम!"

पण त्याला आव्हान आवडले. जुन्या सायकलच्या पुढच्या चाकाचा हब त्याने उभ्या लोखंडी पट्टीच्या माथ्यावर आडवा बसवला. त्यावर लेन्स वर-खाली झुलणार. खाली पायडलचा एक्सल उभा लावला. त्यावर सगळे गोल फिरणार. छर्रे धुऊन नवे ग्रीस भरले. लेन्स ज्या आडव्या पट्टीवर बसणार, तिला हबसाठी भोक कुठे पाडायचे, एवढेच त्याने मला विचारले. मी फूटपट्टीने लेन्सची लांबी मोजली आणि बरोबर अर्ध्यावर खूण केली. सातवीच्या वर्गाला तरफ शिकवणारा मी!

दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर ते लावले. फिरायचे लोण्यासारखे, पण हात काढला की कॅमेऱ्याची बाजू खाली बसायची. मग मी हब घट्ट आवळला. आता ते हलेचना.

कावडीवर मासोळ्यांच्या टोपल्या घेऊन एक म्हातारे ढीवर पाळीवरून येत होते. माझी झटापट पाहून थांबले.

"काहून भांडून राह्यले मास्तर त्याच्यासंग?"

"काका, मधोमध पकडलं, तरी झुकते."

"मधोमध कायच्या? लाकडाच्या का वजनाच्या?" त्यांनी खांद्यावरची कावड दाखवली. खांदा काठीच्या मध्यावर नव्हता. जास्त भरलेल्या टोपलीकडे सरकलेला होता. "जिकडं वजन, तिकडं खांदा. अन् मासोळी विकली का खांदा पुन्हा सरकवा लागते. एका जागी खिळा ठोकला त कावड चालन काय?"

माझे कान लाल झाले. पुस्तकातली तरफ त्यांच्या खांद्यावर होती. मी तडक मिस्त्रीकडे गेलो. त्याने भोकाच्या जागी बोटभर लांब खाच कापली. कॅमेरा आणि फिल्म लावून मी पट्टी पुढे-मागे सरकवत राहिलो आणि एका जागी लेन्स स्थिर झाली. नाक वर केले तर वर राहिली, खाली केले तर खाली. एकही स्क्रू आवळलेला नव्हता.

म्हणून माझे मत पक्के आहे. डोके निवडताना ते किती घट्ट बसते, हे विचारू नका. सगळे स्क्रू सैल करा, हात काढा आणि लेन्स कुठे जाते ते पाहा.

होळीला आठ दिवस उरले होते. कापलेल्या धानाच्या बांधीतून सारसाची जोडी वाऱ्याच्या तोंडावर धावत निघाली. नर उठला, तशी लेन्स त्याच्यासोबत उठली. मला फक्त बोट दाबायचे होते. नऊ फोटो निघाले.

सरांनी एकेक प्रिंट भिंगाखाली धरली. पाच बाजूला सारल्या. सहावी प्रिंट घेऊन ते खिडकीच्या उजेडात गेले.

"डोळा आहे," ते म्हणाले. "पंधरा एप्रिलला निघू. सकाळी सहाला स्टँडवर ये."

मी वाकून नमस्कार केला आणि मिस्त्रीने डोके कसे बनवले ते सांगितले. सर हसत म्हणाले, "ते लोखंडी डोकंही आण. आणि तुझ्या मिस्त्रीला माझ्यासाठी एक करायला सांग."

मी निरोप दिला, तेव्हा मिस्त्रीने पंक्चर काढता काढता मान वर केली.

"करून देतो. पण हब नवा टाकतो, सांगा त्याईले. मोठ्या गुरुजीले भंगारातला कसा देऊ?"