पाचटाचं छत

शिरूर कासारच्या बाजूला मी एक शाळा बांधली. गावच्या दूध सोसायटीनं जागा दिली होती. सिमेंट कमीत कमी, विजेवर भार नाही, पंख्याविना वर्ग गार, असा माझा आराखडा. कार्बन कमी सुटतो म्हणजे काय, हे मी सोसायटीच्या चेअरमनला तीनदा समजावलं. ते मान डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, स्लॅब कधी टाकता? स्लॅबशिवाय इमारत म्हणजे त्यांना टोपीशिवाय पुढारी वाटायची. पण ते दुष्काळाचं साल. माणसांना टँकरचं पाणी पुरत नव्हतं, स्लॅबला कुठून मारणार? म्हणून भिंती काळ्या दगडाच्या, वर पत्रा. आणि पत्रा तापतो म्हणून त्याच्या खाली पाचट, उसाची वाळली पानं दाबून बांधलेले जाड तट्टे. कारखान्याच्या भागात हे पाचट शेतातच पेटवून देतात. मी ते ट्रॅक्टरनं आणवलं आणि मुद्दाम उघडं ठेवलं, दिसायला छान म्हणून.

वर्ग खरंच गार झाले. दुपारी बाहेर पाय भाजायचे, आत बसावंसं वाटायचं. मी भलताच खूश होतो.

दसऱ्याआधी एक बाई शाळा बघायला आली. नवरा-बायको दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, मुलगीही बरोबर जायची आणि तिची शाळा बुडायची. यंदा नवी शाळा होतेय म्हणून मुलीला मावशीकडे ठेवायचं बाईनं ठरवलं होतं. ती दारात उभी राहिली, वर बघितलं आणि आत आलीच नाही. मी उत्साहानं गारव्याचं सांगत सुटलो. तिनं ऐकून घेतलं.

"सायेब, कोपीतून सुटावी म्हनून पोरीला मागं ठिवनार व्हते," ती म्हणाली. "तुमी साळंचीच कोपी केली. मग माझ्यासंगंच येऊ द्या तिला."

कोपी म्हणजे फडाजवळची तोडणीवाल्यांची झोपडी. पाचटाचीच असते. मी याच जिल्ह्यातला, नेकनूरकडचा, जन्मभर कोप्या बघत आलेलो, तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला आधी रागच आला. एवढी मेहनत केली आणि हिला झोपडी दिसते! मग रागही टिकेना. तिचं चुकलं म्हणावं तर तिनं अर्धं आयुष्य त्या पाचटाखाली काढलेलं. माझं चुकलं म्हणावं तर वर्ग गार होता. काय धरावं ते कळेना, तेव्हा मी शब्द देऊन टाकला. खालून पांढऱ्या फळ्या ठोकतो, पाचटाची काडीही दिसणार नाही. पोरीला ठेवा. तिनं दोनदा खात्री करून घेतली आणि हो म्हणाली.

दसरा झाल्यावर ऊसतोडीची टोळी गेली. पोरगी राहिली.

फळ्या यायला दिवाळी उलटली. सुतारानं दोन दिवसांत वर्ग झाकत आणला. पांढरं छत झकास दिसत होतं, चेअरमनसुद्धा स्लॅबचं बोलायचे थांबले. कोपऱ्यातला एक तुकडा राहिला होता. मधल्या सुट्टीत ती मुलगी त्याच्याखाली येऊन उभी राहिली.

"सायेब, तेवढं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"कावून?"

"माझी आई आता असल्याच्याच खाली निजत आसंल."

सुतार शिडीवर फळी धरून थांबला होता. लावू का, त्यानं विचारलं. मी तिच्या आईला शब्द दिला होता. पोरगी वर बघत तिथंच उभी होती.