आत्याबाईंचं स्टेरिंग

जीपमध्ये बसल्या की आत्याबाई आधी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या. मग पदर खोचायच्या, तळव्यावर तळवा चोळायच्या आणि कुस्तीला उतरल्यासारखं स्टेरिंग धरायच्या. एवढं करूनही अधूनमधून एखादी बांगडी फुटायचीच. पायापाशी पत्र्यावर हिरव्या काचांचे तुकडे कायम पडलेले असायचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून एकटी परत आले, तेव्हा झरीच्या बसथांब्यावर मला न्यायला ही जीप उभी होती आणि ती चालवायला सासूबाई बसल्या होत्या. माझ्या माहेरी बायका स्कूटीच्याही मागच्या सीटवरच बसायच्या. मी तशीच बघत उभी राहिले.

"बस की गं माय. आन् घट्ट धर, त्या अंगाचं दार लागत न्हाई," त्या म्हणाल्या. सासूकडून मिळालेला हा माझा पहिला उपदेश, आणि तो पुढे फार उपयोगी पडला.

ही जीप कुठल्याशा सरकारी खात्यानं लिलावात काढलेली. मामांनी ती धाकट्या भावाच्या भरवशावर घेतली होती, आणि भावाला लगोलग नांदेडला नोकरी लागली. मामांनी स्वतः एकदाच चालवून पाहिली. अंगणातून निघाले ते सरळ कडब्याच्या गंजीत घुसले. अर्धी गंज टपावर आली. मामा शांतपणे खाली उतरले, पायात चपला सरकवल्या, आणि त्यानंतर त्यांनी स्टेरिंगला हात म्हणून लावला नाही. जीप अंगणात उभी राहिली. कोंबड्या सीटखाली अंडी घालू लागल्या. अंडी काढता काढता आत्याबाईंचं गाडीशी सूत जमलं असावं. पिकं निघाल्यावर रानं मोकळी झाली तशी त्यांनी सुटीला आलेल्या दिराकडून थोडं समजून घेतलं आणि जीप रानात नेऊन आपली आपणच शिकल्या.

"मोकळ्या रानात कुनाला धडकनार? लय झालं तर बांधाला," असं त्या सांगायच्या. गावानं थोडे दिवस हसून घेतलं. मग ज्यांनी हसून घेतलं तेच दवाखान्याला, लग्नाला, बाजाराला जायचं असलं की आमच्या अंगणात येऊन बसू लागले. आत्याबाई कुणाला नाही म्हणायच्या नाहीत, पण टोमणा मारल्याशिवाय गाडीत घ्यायच्याही नाहीत.

आमचं शेत कालव्याच्या पलीकडे. रस्ता सगळा काळ्या मातीचा. पाऊस झाला की चाकं चाकोरीत अडकायची आणि स्टेरिंग फिरवायचं म्हणजे जातं एकटीनं फिरवल्यासारखं. आत्याबाई सीटवरून अर्ध्या उठायच्या, सगळं अंग एका बाजूला टाकायच्या, तेव्हा कुठे ती जीप मान वळवायची. शेजारी मामा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले. "उजवीकडं घे," ते हळूच म्हणायचे. आत्याबाई तेव्हा उजवीकडेच घेत असायच्या.

त्यांची आणखी एक सवय होती. शेताकडे जाताना रस्ता कालव्याच्या भरावावर चढतो, पूल ओलांडतो आणि पलीकडे लांब उतरतो. उताराच्या पायथ्याशी डावीकडे वळण आहे आणि समोर कालव्याच्या पाण्याची सिमेंटची खोल चारी. पूल ओलांडला की आत्याबाई गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायची काळी गुंडी ओढायच्या. आवाज थांबायचा. गाडी आपल्या वजनानं खाली घरंगळायची, वळण घ्यायची, आणि पुढे सपाटीला त्या गिअर टाकून क्लच सोडायच्या, की एक हिसका देऊन इंजिन पुन्हा सुरू. "उताराला ती आपल्या पायानं जायलीय, तवा तिला डिझेल कामून पाजायचं?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. आमच्या भागात हे बरेच जण करतात. पण त्या थोड्या वेळाच्या शांततेचं त्यांना सुखही होतं असं मला वाटायचं. मागे बसलेल्या बायकांचं बोलणं तेवढ्यातच काय ते नीट ऐकू यायचं, आणि आत्याबाई पुढून त्यात भर घालायच्या.

मग त्यांचा उजवा खांदा गेला. सुरुवातीला अंबाडा घालता येईना, नंतर ताटातला घास तोंडाशी नेतानाही चेहरा ओढला जाई. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा आखडलाय, जोर लावायचा नाही, जीप तर मुळीच नाही. माझे यजमान, संजय, परभणीला नोकरीला जाऊन येऊन असायचे. त्यांच्या मनात तर जीप विकायचं कधीचं होतं.

"आई, आता बास. एक छोटी कार घेऊ. पाहिजे तिथं मी नेऊन सोडीन," ते म्हणाले.

"तुजी कार चिखलात शेतापोतर नेऊन दाखव. आन् तू हायस कुटं नेऊन सोडायला? तू तर दिवसभर हापिसात."

"मग नको जाऊस शेतात."

आत्याबाई म्हणाल्या, "समदं करा. पर मला वट्यावर बसवू नका रे बाबा. वट्यावर बसलेली बाई दुसऱ्याच्या जाण्यायेण्याकडं बघत मरती." माझी सासूशी भांडणं काही कमी नव्हती, पण आत्याबाई ओट्यावर ही कल्पना मला सहन होईना.

मी शिकवते त्या शाळेतल्या एका सरांच्या भावानं अशाच जुन्या जीपला पॉवर स्टेरिंग, म्हणजे पंपाच्या जोरावर हलकं फिरणारं स्टेरिंग, बसवून घेतलं होतं. मी घरी विषय काढला. संजय म्हणाले, "भंगारात आणखी भंगार घालायचं?" आत्याबाईंनी मात्र त्याच रविवारी मला परभणीला नेलं. म्हणजे मीच त्यांना नेलं, बसनं, पण वाटभर पुढे त्याच होत्या.

गॅरेज मुनीरभाईंचं. जीप त्यांनीच माणूस पाठवून नेली. त्यांनी एका मोडीत निघालेल्या पिकअपचा स्टेरिंग बॉक्स आणि पंप मिळवला. जीपची चासी अरुंद, त्यामुळे बॉक्स नीट बसेना. मग लेथवर जाड पट्ट्या करून घेतल्या, इंजिनला जादा पुली लावली, पट्टा चढवला, तेलाच्या नळ्या फिरवल्या. पहिल्या खेपेला पट्टा किंचाळायला लागला, दुसऱ्या खेपेला तेल गळलं. आत्याबाई तिथं स्टुलावर बसून सगळं बघायच्या आणि आपल्या दुखऱ्या खांद्यावर उपचार चालल्यासारख्या मधूनच विचारायच्या, "दुखंल का हो तिला?" मुनीरभाई हसायचे.

गाडी ताब्यात देताना मात्र ते हसले नाहीत. "काकू, येक बात पक्की ध्यानात ठेवा. इंजिन चालू तर पंप चालू, पंप चालू तर पावर. इंजिन बंद केलं की खेळ खलास. मंग हे स्टेरिंग पहिल्यापेक्षा जड हुईल."

"कळलं," आत्याबाई म्हणाल्या. मीही मान हलवली. दोघींनाही खरंच कळलं होतं.

पहिल्यांदा चालवताना त्यांनी सवयीनं बांगड्या वर सारल्या आणि सवयीनंच सगळं अंग टाकून स्टेरिंग ओढलं. जीप गर्रकन वळून मुनीरभाईंच्या टायरच्या ढिगात शिरली. आठवडाभर त्यांची कुरकुर चालू होती. "पान्यात हात घातल्यावानी लागतंय. जमीन काय म्हनायलीय ते हाताला कळंनाच." पण पावसाळ्यात त्याच चिखलातून त्या एका डाव्या हातानं जीप बाहेर काढू लागल्या, उजवा हात मांडीवर ठेवून. पुढे माझं काही बिनसलं की म्हणायच्या, "आगं, जोर कामून लावायलीस? इंजिन चालू हाय न्हवं?" भाकरी थापताना, पोरांना ओरडताना, कशालाही हे वाक्य चालायचं. बांगड्या फुटायच्या थांबल्या. संजयचा कारचा विषयही बंद झाला.

कापूस वेचणीचे दिवस होते. रविवार, म्हणून मीही होते. मागे वेचणीच्या बायका दाटीनं बसलेल्या, माझ्या मांडीवर जेवणाचे डबे. पूल ओलांडला. बायका कुणाच्या तरी सोयरिकीबद्दल बोलत होत्या. आत्याबाईंना त्यातलं काहीतरी ऐकायचं असावं. इतके महिने आवरलेला त्यांचा हात जुन्या सवयीनं गेला आणि त्यांनी गुंडी ओढली.

आवाज थांबला. गाडी घरंगळायला लागली. पुढचं आत्याबाईंच्या आधी त्यांच्या पाठीला कळलं. ती पाठ एकदम ताठ झालेली मी मागून पाहिली. स्टेरिंग जागचं हलत नव्हतं. त्यांनी ब्रेकवर पाय रोवला, पण मागे एवढी माणसं, उतार, आणि जुने ब्रेक. उजव्या खांद्यातून त्यांनी जोर लावला आणि तोंडातून नुसता एक श्वास निघाला. समोर चारी दिसत होती.

मामांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. ते सीटवरून आडवे झाले आणि दोन्ही हातांनी त्यांनी स्टेरिंग धरलं. कडब्याच्या गंजीनंतर पहिल्यांदाच. दोघं मिळून ओढत होते. म्हातारा-म्हातारीची डोकी एकमेकांना लागली होती. जीप थोडी वळली, आणखी थोडी वळली, आणि चारीच्या काठावर थांबली. पुढचं एक चाक अधांतरी होतं.

कुणाला काही झालं नाही. बायका एकेक करून मागून उतरल्या. मामांचे हात तसेच स्टेरिंगवर होते.

"सोडा आता," आत्याबाई म्हणाल्या. "थांबली गाडी."

त्या दिवशी त्या शेतातून पायी घरी आल्या. संध्याकाळी जेवणाच्या वेळी त्यांनी किल्ली संजयच्या ताटाशी ठेवली. "वीक," एवढंच म्हणाल्या. संजयनं ती उचलली नाही, पण नकोही म्हटलं नाही. आत्याबाईंचा चेहरा मला बघवेना. मी भाकरी करायचं निमित्त करून चुलीकडे वळले.

मागून मामांचा आवाज आला. या घरात कुठलीही गोष्ट त्यांनी ठरवलेली मी तोवर ऐकली नव्हती.

"गाडी विकायची न्हाई," ते म्हणाले. "स्टेरिंग तिच्याकडं. गुंडी माज्याकडं."

आणि खरोखरच तसं झालं. पूल जवळ आला की मामा सुपारी खिशात टाकायचे आणि काळ्या गुंडीवर तळहात झाकून बसायचे, वळण मागे पडेपर्यंत. आत्याबाई चिडवायच्या, "धरा, धरा. खजिना हाय तितं." मामा रस्त्याकडे बघत राहायचे. मागच्या बायकांनाही त्याची सवय झाली. "उजवीकडं घे" म्हणणं मामांनी सोडून दिलं, त्यांना आता खरं काम मिळालं होतं. त्याच काळात आत्याबाईंनी मलाही शिकवलं, त्याच मोकळ्या रानात, भरपूर शिव्या घालून.

अशी कित्येक वर्षं ती दोघं तो उतार उतरली. मग गेल्या उन्हाळ्यात आत्याबाई गेल्या. दुपारी शेतातून जीप आणली, अंगणात सावलीला लावली, पाणी मागितलं, आणि मी तांब्या घेऊन येईपर्यंत पडवीतच आडव्या झाल्या. हातातल्या बांगड्या अजून कोपराशीच होत्या. त्या मी खाली ओढल्या. त्यांच्याशिवायचं घर मला अजून जमलेलं नाही, हे मी इथं सांगून टाकते.

जीप बरेच दिवस उभी होती. पेरणीच्या आधी एका सकाळी मामा स्वतःच जाऊन त्यांच्या जागेवर बसले. मी शाळेत कळवलं आणि किल्ली घेतली. बांगड्या वर सारल्या तेव्हा लक्षात आलं की मला त्याची काही गरज नव्हती.

पूल आला. मामांनी सुपारी खिशात टाकली आणि गुंडीवर तळहात ठेवला.

"मामा," मी म्हटलं, "मी बंद करत नाही हो. कधीच केलं नाही."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

गाडी उतरत होती. वळण मागे पडेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.