एका बोटाची रजा

अकोल्याच्या जठारपेठेत तेव्हा एक धर्मादाय बाळंतघर होतं. वीस खाटा, पाच नर्सा, एक मेट्रन आणि एक कायदा. कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण तिथल्या छतापेक्षा तो पक्का होता. आजारी पडलेल्या नर्सनं सकाळी सातला गणवेश चढवून मेट्रनच्या टेबलापुढं उभं राहायचं आणि आपल्या जागी बदली कोण काम करील तिचं नाव सांगायचं. नाव नसेल तर रजाही नाही. म्हणजे ताप एकीच्या अंगात आणि तो भोगायचा दुसरीनं. बारा तास पायांवर उभ्या असलेल्या मैत्रिणीचं नाव घ्यायला कुणाची जीभ रेटणार? बाया मुकाट्यानं गोळी गिळायच्या, पदर खोचायच्या आणि वार्डात शिरायच्या.

जाईबाई खंडारे या कायद्यात सगळ्यांत चोख बसली होती. ती मूळची अमरावतीची. बाप देवमन तिथं कापसाच्या जिनात बोजे उचलायचा. पोरीनं बोजे उचलू नयेत म्हणून त्यानं तिला सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकायला घातलं, आणि बावन्न साली ती अकोल्याला नोकरीला लागली. पहिल्या दोन-चार वर्षांत बाळंतिणीबरोबर आलेल्या म्हाताऱ्या तिच्या हातांकडं बघत आणि हळूच विचारत, बाई कोनत्या जातीची? जाईबाई लपवाछपवी न करता सांगायची. मग कुणी गप्प बसे, कुणी दुसरी नर्स मागे. छप्पन साली आठवड्याच्या सुटीला ती बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कामावर हजर झाली. आपल्या हातांना नाव ठेवायला कुणाला जागा म्हणून ठेवायची नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हणून तिनं कधी रजाच घेतली नाही.

बाळंतघराचे कारभारी रामरावजी हे तालेवार गृहस्थ होते. माणूस दुष्ट नव्हता, फक्त आपण दयाळू आहोत याची त्यांना फार खात्री होती. जाईबाईची नऊ वर्षं बिनरजेची झाली तेव्हा त्यांनी तिच्या नावाचं 'अखंड सेवा' असं प्रशस्तिपत्र छापून घेतलं, चौकटीत बसवलं आणि दरवाजातच टांगलं. पाहुणे आले की ते काठीनं त्या चौकटीकडं दाखवायचे. बाकीच्या नर्सा ती चौकट पाहून माना खाली घालायच्या. जाईबाईला मात्र ती बघून बरं वाटायचं, हेही खरं आहे.

एकसष्टच्या श्रावणात तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला नखुरडं झालं. सुई टोचल्याचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत नखाच्या कडेला पू धरला. तिनं लिंबाला भोक पाडलं, त्यात बोट घातलं आणि ते लिंबू बोटावर चढवूनच झोपली. वऱ्हाडात घरोघर करतात तोच उपाय. सकाळी लिंबू काढलं तेव्हा बोट आणखी ठणकत होतं. पिकलेलं बोट घेऊन बाळंतिणीजवळ जायचं नाही, हा तिनं शिकलेला पहिला धडा होता. ती मेट्रन पार्बताबाईंपुढं उभी राहिली आणि बोट टेबलावर ठेवलं.

पार्बताबाईंनी बोट पाहिलं. त्या जाणत्या होत्या, त्यांचा चेहरा उतरला. पण तोंडातून सवयीचंच वाक्य निघालं, बदली कोण? दोन नर्सा आधीच जाईबाईचं आणि सुभद्राचं नाव देऊन आजारी रजेवर होत्या. तिसरीची सासू वारली होती. उरली एकटी सुभद्रा. ती सहा महिन्यांची पोटुशी होती आणि कालपासून तिची पाठ टेकली नव्हती. ती दारातच उभी होती, आणि जाईबाई आपलं नाव घेईल या भीतीनं खाली बघत होती.

तेवढ्यात रामरावजी आले. त्यांना प्रकार कळला तेव्हा ते हसले. बोटाला रजा देण्याची रीत आमच्याकडं नाही, म्हणाले. शेतातल्या बाया पायात काटा घेऊन निंदण करतात, आणि तुम्ही तर त्या चौकटीतल्या जाईबाई. रबरी हातमोजा घाला की काम झालं. जाईबाईनं एकदा सुभद्राच्या पोटाकडं पाहिलं आणि एकदा चौकटीकडं. मग ती मोजे आणायला गेली.

ते मोजेही काय मोजे होते! शंभर वेळा उकळलेले, आणि बोटांवर सायकलच्या पंक्चरसारखी ठिगळं लावलेले. त्यातलाच एक तिनं ठणकत्या बोटावर चढवला.

दुपारी काटेपूर्णा नदीच्या काठच्या एका खेड्यातून बैलगाडी आली. सुंदराबाई नावाची वीस-एकवीस वर्षांची पोर, तिचा नवरा शालिकराम आणि सासू तानुबाई. घरी दीड दिवस अडली होती. तानुबाईनं रीतीप्रमाणं जात विचारली आणि जाईबाईनं सांगितली. म्हातारी जरा थबकली, पण सून विव्हळत होती, तिनं वाट सोडली. बाळंतपण अवघड होतं. जाईबाईनं हात घालून मूल फिरवलं आणि चार वाजता मुलगी रडली. मोजा काढताना जाईबाईला दिसलं की बोटावरचं ठिगळ सुटलंय. आत सगळं ओलं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सुंदराबाईला ताप भरला. डॉक्टरांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली. जाईबाईनं चार दिवस आणि चार रात्री तिच्या उशाशी काढल्या, पण डाव्या हातानं. उजवा हात ती पदराखाली ठेवायची. आठव्या दिवशी सुंदराबाई गेली. कागदावर बाळंतरोग लिहिलं गेलं, आणि तसं ते खोटंही नव्हतं. कुणी काही विचारलं नाही. पार्बताबाईंनी जाईबाईकडं पाहिलं, तिनं पार्बताबाईंकडं पाहिलं, आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या.

महिन्याभरानं शालिकराम एक हिरवं लुगडं घेऊन आला. त्यांच्या घरात बाळंतपण करणाऱ्या बाईला लुगडं देतात. बायको गेली तरी पोर तं तुमी वाचवली, असं म्हणून त्यानं ते तिच्या हातात ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. जाईबाईला तेव्हाच सांगायला हवं होतं. ओठापर्यंत आलेलं तिनं गिळलं. लुगडं ट्रंकेत तळाशी गेलं, आणि त्या दिवसापासून तिला चौकटीखालून जाताना मान वर करता येईना.

बासष्टच्या उन्हाळ्यात त्याच बोटाचं नख पुन्हा पिकलं.

सकाळी सातला ती मेट्रनपुढं आली. अंगात गणवेश नव्हता, घरचंच साधं पातळ होतं. सगळ्या नर्सा बघत राहिल्या. रामरावजी फेरीला आलेले होते. बदली कोण, असं पार्बताबाईंनी विचारलं. कोनाचंच नाव नाही, ती म्हणाली. रामरावजींनी काठी चौकटीकडं केली आणि त्या कागदाची तरी लाज ठेवा, असं काहीसं बोलले.

"त्याच कागदापायी मी मांगच्या साली पिकलं बोट घेऊन आत गेली," जाईबाई म्हणाली. "सुंदराबाई माह्या हातानं गेली. मले ठाऊक हाये, पार्बताबाईले ठाऊक हाये. आता या हातानं मी कोनाले शिवनार नाही. आन् बदली आननं माहं काम नाही, तुमचं हाये."

पार्बताबाईंनी मान खाली घातली, नाही म्हणाल्या नाहीत. रामरावजींचा पारा चढला. दवाखान्याची बदनामी केली म्हणून त्यांनी तिथल्या तिथं नोकरीवरून काढलं आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगितलं. गंमत अशी, की ज्या बाळंतघराला दहा वर्षांत एका दिवसाची बदली मिळत नव्हती, त्याला दुसऱ्याच दिवशी अमरावतीच्या गाडीनं नवी नर्स मिळाली. चौकट कुणी काढली ते कळलं नाही. सुभद्रा जाईबाईला ट्रंक उचलू लागायला स्टेशनापर्यंत आली, आणि तिच्या गळ्यात पडून रडली.

पुढं जाईबाई अमरावतीला सरकारी नोकरीत लागली. तिच्या वार्डात सकाळी सगळ्यांत आधी हात दाखवायची पद्धत होती. पहिले तिचे, मग पोरींचे. कुणाचं बोट पिकलेलं दिसलं तर ती पोर घरी जायची आणि तिची बदली शोधायला स्वतः जाईबाई निघायची. हे कुठून शिकल्या असं कुणी विचारलं, की काटेपूर्णेच्या काठच्या एका म्हातारीनं शिकवलं, असं ती सांगायची.

त्याआधी, अकोल्याची नोकरी सुटल्यावर, तीन आठवडे ती बापाच्या घरी होती. बोट पूर्ण बरं झालं तेव्हा हिरवं लुगडं घेऊन ती शालिकरामच्या गावी गेली. शालिकराम आणि तानुबाई घरीच होते. जाईबाई ओसरीवर बसली, लुगडं बाजेवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. नखुरडं, लिंबू, मोजा, सुटलेलं ठिगळ. आपल्याला अडवलं होतं हेही सांगितलं, पण शेवटी आत गेली ती मीच, हे दोनदा सांगितलं.

शालिकरामनं एकच विचारलं.

"मंग तवाच काहून नाही बोलल्या?"

"भेली मी," जाईबाई म्हणाली.

तो उठला, पायात वहाणा घातल्या आणि शेताकडं निघून गेला. लुगड्याला त्यानं हात लावला नाही. तानुबाई खांबाला टेकून बसली होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर जाईबाईनं ऐकून घेतल्या असत्या, त्यासाठीच ती आली होती. इतक्यात आतून ती पोर भिंतीला धरून चालत आली, दहा महिन्यांची, आईच्याच नाकाची. परक्या बाईजवळ येऊन तिनं दोन्ही हात वर केले. जाईबाईचे हात आपोआप पुढं झाले.

"थांब," तानुबाई म्हणाली. "आंधी हात दाखव."

जाईबाईनं हात पुढं केले. म्हातारी सरकत जवळ आली. तिनं ते आपल्या हातांत घेतले, उजेडाकडं वळवले आणि एकेक बोट दाबून पाहिलं. वाकड्या नखाशी ती थांबली.

"दुखते?"

"नाही. पंधरा दिस झाले, कोरडं हाये."

याच म्हातारीनं या हातांची जात विचारली होती. आज तिला फक्त जखम बघायची होती. जाईबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात म्हातारीकडं असल्यामुळं तिला ते पुसता येत नव्हतं. तानुबाईनं दहाही बोटं पाहून झाल्यावर हात सोडले, पोरीला उचललं आणि जाईबाईच्या मांडीवर ठेवलं.