माहुलीला दोनदा

सांगलीच्या एसटी स्टँडवर आई आली नाही. दारातच माझ्या हातावर दही घालून ती आत वळली. बांगलादेशची लढाई संपून वर्ष झालं होतं. मी नर्स म्हणून इंग्लंडला निघाले होते. सोबत होते फक्त आबा, माझे वडील, फौजेतून पेन्शनीत आलेले.

साताऱ्यात मुंबईच्या गाडीला अवकाश होता. आबा म्हणाले, "चल, माहुलीला जाऊन यिऊ."

टांग्यात मी सारखी पर्स उघडून पासपोर्ट चाचपत होते. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर राजघराण्याच्या समाध्या, काही वाळूत निम्म्या बुडालेल्या. एक महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही होती. तिच्यापुढं आबांनी कडक सॅल्यूट ठोकला. मला हसूसुद्धा आलं नाही. गाडी चुकेल हीच धास्ती.

"ह्या राण्या समद्या परगावच्याच," आबा म्हणाले. "आल्या त्या हितंच राख झाल्या."

"मी परत येणार आहे, आबा."

"व्हय. जाताना समदीच म्हणत्यात."

घाटावर बसून भाकरी-खर्डा आणि साताऱ्याचे कंदी पेढे खाल्ले. म्हणजे आबांनी खाल्ले. मी जेमतेम दोन घास खाल्ले.

लीड्समध्ये मग उलटंच. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये उकडलेला बटाटा समोर आला की त्या खर्ड्यासाठी जीव कासावीस व्हायचा. ऑफ असला की बसमध्ये बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचे आणि तशीच परत. तुमच्यातले जे बाहेर पडले त्यांना हे कळेल. घरी राहिलेल्यांना वाटायचं, मी मजेत आहे.

काही वर्षांनी आबा गेल्याची तार आली. सांगलीला पोचले तोवर तेरावं होऊन गेलं होतं. मिरजेच्या दवाखान्यात नर्सची जागा होती, चुलत्यांनी माझ्यासाठी शब्दही टाकला होता. हो म्हणायचं ठरवून रोज उठायचे आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडत बसायचे. आई काही विचारत नव्हती.

शेवटी मी परत लीड्सला निघाले. या वेळी आई एसटीत माझ्याशेजारी येऊन बसली. "त्येंनी तुला कुटं नेलं हुतं, त्ये दाव."

माहुलीला तिनं समाध्यांना लांबूनच हात जोडले. आबा गेल्यापासून तिनं गोड तोंडाला लावलं नव्हतं. घाटावर बसल्यावर पुडा सोडून एक पेढा मला दिला, एक स्वतः खाल्ला. मग म्हणाली, "तिकडं तुजं घर कसं हाय गं?"

"घर नाही, आई. खोली आहे."

"इतकी वरसं ऱ्हातीस, मग खोली कशी? खिडकीतनं काय दिसतं?"

मला आठवेना. खरंच आठवेना. आई उठून लुगडं झटकत म्हणाली, "चल. गाडी चुकंल."

लीड्सला पोचल्यावर मी आधी खिडकीशी जाऊन उभी राहिले. शाळेचं मैदान, त्यापलीकडं काळपट विटांची घरं. ते सगळं आईला कळवलं, पहिल्यांदाच 'माझं घर' असं लिहून. पडदेही शिवले. बॅग मात्र अजून माळ्यावर टाकलेली नाही. ती दाराशीच असते आणि येता-जाता तिला पाय लागतो.