भाऊजी पत्रकारितेचं स्थळ पाहून आले तेव्हा

देवानं स्वतः स्वर्गाचं दार उघडून धरलं असतं, तरी आमच्या भाऊजींनी आधी बाहेरच्या पानठेल्यावर थांबून विचारलं असतं, "आतली मंडळी कशी हायेत गा?" भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, रेल्वेच्या पार्सल हपिसात होते. लग्न राहिलं तेही चौकशीपायीच. एकेका स्थळाची विचारपूस पुरी होईस्तोवर त्या मुलीच्या कडेवर मूल यायचं. संत्रं घ्यायचं तर बाग कळमेश्वरकडची का सावनेरकडची, पाणी विहिरीचं का नाल्याचं, इतकं विचारायचे की विकणारी बाई कंटाळून एक फोड फुकटच हातावर ठेवायची. सिनेमाला निघाले की आधीचा खेळ सुटताना दाराशी उभं राहून लोकांना शेवट विचारायचे, आणि शेवट चांगला निघाला तर समाधानानं घरी परत. तिकीट काढायची गरजच उरायची नाही.

अशा माणसाच्या हाती आमच्या लेकीचं, मंगलचं नशीब गेलं. सत्तरच्या दशकातली, नागपूरची गोष्ट. बी.ए. होताच पोरीनं जाहीर केलं, मला वर्तमानपत्रात काम करायचं, विद्यापीठात त्याचं शिक्षण मिळतं. आमच्या घरी तोवर वर्तमानपत्र म्हणजे वाचून झालं की फळीवर अंथरायची वस्तू! तिचे वडील ऐकेनात, ही जेवेना. शेवटी ह्यांनी भावाला बोलावलं. "काय शिकलेलं लागते, पुढं पगार किती भेटते, पाहून ये. तू हो म्हटलं तर हो. नाहीतर सावनेरचं स्थळ पक्कं."

मंगल रडकुंडीला आली. "आई, काकाची चौकशी होईस्तोवर मी म्हातारी होईन वं!"

विद्यापीठात जाऊन विचारलं असतं तर काम तासाभराचं. पण तिथे ते गेलेच नाहीत. "कॉलेजवाले आपल्याच कॉलेजले वाईट म्हणतीन का, वैनी?" पगाराचंही तसंच. "माणसाले त्याचा पगार कधी इचारू नये. तो वाढवून सांगते. त्याच्या पानठेलेवाल्याले इचारावं, पहिल्या हप्त्यात काय ओढते अन् शेवटच्या हप्त्यात काय ओढते." धंतोलीतल्या एका ठेल्यावर उभं राहून त्यांनी शोध लावला, की उपसंपादक नावाचा प्राणी महिना सिगरेटवर सुरू करतो आणि बिडीवर संपवतो. "पण पान रोज खाते," असंही वर आशेनं म्हणाले.

मग एका रविवारी टोपी-बिपी घालून ते महाल भागात, एका तरुण उपसंपादकाच्या घरी गेले. तो नव्हता, त्याची आई होती. आता भाऊजींना चौकशीची एकच रीत ठाऊक, लग्नाची! पगार काय, पुढं वाढते का, रात्रपाळीनं तब्येत बिघडत नाही ना, घरचे कसे काय? माउलीनं पोहे टाकले आणि विचारलं, "मुलगी किती शिकली?"

"बी.ए. अन् तिची तर पूर्ण तयारी हाय."

"आमची काही हरकत नाही जी."

भाऊजी तरंगत घरी आले. "वैनी, काम झालं! पोट्टीले पाहाले येऊन राहिले ते गुरुवारी."

"पाहायला?"

"मंग? पारखल्याबिगर कोणी भरती करते का?"

गुरुवारी ती माउली, तिच्या दोघी नणंदा आणि मागून तो उपसंपादक, खिशावर शाईचा डाग घेऊन, बैठकीत येऊन बसले. मी काय ते समजले आणि मुकाट्यानं पोहे भिजवले. मंगलला मात्र काकांनी सांगितलं तेवढंच ठाऊक. तिनं बशा ठेवल्या आणि त्यालाच विचारलं, "प्रवेशाला कोणतीही पदवी चालते का? आणि तुम्हाला पगार पुरतो का?" नणंदांचे घास हातातच राहिले.

तो पोरगा गडबडला, मग हसला. "कोणतीही चालते. पण अर्जाची मुदत परवा संपून राहिली. पगार नाही पुरत. शेवटच्या हप्त्यात मी बिडीवर येतो."

"पाहा!" भाऊजी खुर्चीतून उठलेच. "पानठेलेवाला बरोब्बर बोलला!" माउलीनं पदर तोंडाला लावला.

"मग दुसरं काही काहून नाही पाहत?" ह्यांनी विचारलं.

"सकाळी टपरीवर लोक आपण लिहिलेलं वाचून भांडून राहिले असतेत ना काका, तवा पगार आठवत नाही."

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता विचारतील, टपरी कोणती, भांडण कशावरून. पण त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. "भरू दे दादा तिले अर्ज," इतकंच म्हणाले. स्थळ मोडलं, म्हणजे जुळलंच कुठे होतं म्हणा! ती माउली तरी पुढे दरसाल संक्रांतीला तिळगूळ पाठवायची.

मंगल शिकली, नोकरीला लागली. साऱ्या नागपूरचे पगार विचारणाऱ्या भाऊजींनी तिचा कधी विचारला नाही. एकदा मीच छेडलं, "काहून हो, हिची चौकशी नाही केली?"

"रोज करतो ना, वैनी. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर जातो. तिचं लिहिलेलं वाचून लोक भांडतेत. मी ऐकतो अन् येतो."

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मंगल माहेरी आली की सकाळीच उठून कोपऱ्यावरच्या त्या टपरीवर चहा प्यायला जाते, घरात चहा उकळत असला तरी. मी काही विचारत नाही. विचारायचं काम आमच्या घरात भाऊजींचं होतं.